तुमच्या सड्यावर आता काय उगवले आहे?

२०१२ च्या जून महिन्यात मी माझा पहिला मजकूर जालावर ठेवला, तेव्हा तो घरच्या चार माणसांखेरीज कोणी वाचील असे मला वाटले नव्हते. दापोली तालुक्यात हर्णै आणि केळशी यांच्यामधल्या किनाऱ्यावर आमचे गाव आहे. खाली समुद्रालगत पोफळी-माडांची आगरे, आणि पाखाडी चढून गेले की वर जांभ्या दगडाचा उघडा सडा. प्राथमिक शाळेत एकतीस वर्षे शिकवून मी आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. पावसाळ्यात मुलांना घेऊन सड्यावर जायचे आणि कोणत्या तारखेला कोणते रोप दिसले ते वहीत लिहायचे, हा माझा शाळेतला परिपाठ होता. त्या वह्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडू नयेत, एवढ्यासाठीच मी त्या उतरवून काढायला घेतल्या. पुतण्याने ब्लॉग उघडून दिला, संगणकावर देवनागरी कशी उमटवायची ते दाखवले, आणि गणपतीला पुन्हा येईन असे सांगून तो मुंबईला परतला.

पहिल्या वर्षी जे प्रतिसाद आले ते ‘छान’, ‘सुंदर’, ‘गावची आठवण आली’ अशा स्वरूपाचे होते. ते प्रेमाने लिहिलेले होते आणि त्यांनी मला बरे वाटले, हे खरे आहे. परंतु त्यांतून पुढचे लिहिणे सुचत नसे. वर्षभराने वह्या संपत आल्या, तसा माझा उत्साहही संपत आला होता.

सप्टेंबर २०१३ मध्ये मी दवबिंदूविषयी लिहिले. ही सड्यावरची कीटकभक्षी वनस्पती आहे. तिच्या पानांवर तांबूस केस असतात व प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो. त्यावर बसलेला किडा अडकतो आणि कातळावरच्या तुटपुंज्या मातीत जे नत्र मिळत नाही, ते ही वनस्पती त्या किड्यापासून मिळवते. मजकुरासोबत मी एक छायाचित्र दिले होते. आठवड्याभराने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराजवळ राहणाऱ्या एका निवृत्त परिचारिकेचे इंग्रजी पत्र आले. तिला मराठी येत नव्हते. यंत्राने केलेल्या भाषांतरातून जेवढे कळले तेवढ्यावर तिने लिहिले होते. तिने वनस्पतीची स्तुती केली नाही. तिने विचारले होते की, छायाचित्रात रोपाखाली जो दगड दिसतो तो लाल आणि सच्छिद्र आहे का, कारण तिच्या घरामागच्या टेकडीवरचा दगडही तसाच आहे.

एवढ्याशा प्रश्नाचे उत्तर देण्यात माझे तीन दिवस गेले. जांभ्याच्या घरात जन्म काढलेल्या मला त्या दगडाविषयी सांगण्यासारखे फारसे ठाऊक नाही, हे लिहायला बसल्यावर कळले. मी चिऱ्याच्या खाणीवर गेले, तिथल्या कामगारांना विचारले, आणि नुकताच कापलेला चिरा मऊ असतो व वाऱ्याउन्हात राहून तो कठीण होत जातो, ही इथल्या कोणाही गवंड्याला ठाऊक असलेली गोष्ट पहिल्यांदाच शब्दांत मांडली. तिने उलट टपाली कळवले की, फ्रान्सिस बुकानन यांनी केरळातल्या अंगाडीपुरम येथे हा दगड पाहून, १८०७ मध्ये लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. आमच्या भिंतीतल्या दगडाला जगभर ज्या नावाने ओळखतात, ते नाव आपल्याच पश्चिम किनारपट्टीच्या प्रदेशातून बाहेर गेले, ही माहिती मला पर्थहून मिळाली.

तिचा दुसरा प्रश्न अधिक खोल होता. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात दवबिंदूच्या जितक्या जाती आहेत तितक्या जगात दुसरीकडे नाहीत, आणि त्यांतल्या कित्येक जाती तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात जमिनीखाली कंदाच्या रूपाने झोपून राहतात. ‘तुमची कुठे जाते?’ असे तिने विचारले. एकतीस पावसाळे मुलांना घेऊन सड्यावर गेलेली मी दिवाळीनंतर तिथे कधी फिरकलेच नव्हते. त्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा वाळलेला सडा बारकाईने पाहिला. आमची जात वर्षायू आहे. रोप करपून जाते आणि मोहरीहून कितीतरी बारीक असे काळे बी कातळाच्या खळग्यांत पडून राहते. त्या वाळलेल्या सड्यावर मी जे लिहिले तो, माझ्या मते, माझा पहिला खरा लेख होय. त्याआधी मी केवळ वह्या उतरवत होते.

पर्थच्या त्या मैत्रिणीला पत्रे लिहिणाऱ्यांपैकी एक गृहस्थ केनियातल्या मोंबासाचे होते. तेही निवृत्त शिक्षक. स्वाहिली भाषेत शिक्षकाला ‘म्वालिमू’ म्हणतात, म्हणून आम्ही सारे त्यांना त्याच नावाने हाक मारू लागलो. ते लाकडी होड्यांविषयी छोटे, नेटके लेख लिहीत. लामूच्या बाजूला पूर्वी ‘म्तेपे’ नावाची नौका बांधत, तिच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नसून काथ्याने शिवलेल्या असत, असे त्यांनी एकदा लिहिले. मी पर्थच्या मैत्रिणीकडून प्रश्न विचारायला शिकले होते, म्हणून मी विचारले की शिवणीच्या भोकांतून पाणी येऊ नये यासाठी काय करीत आणि काथ्या किती दिवस कुजवीत. यावर त्यांनी दोन लेख लिहिले. अशा शिवलेल्या नौका एके काळी आपल्या किनाऱ्यावरही होत्या. त्यामुळे काथ्या वळणाऱ्या इथल्या बायकांना विचारून मी त्यांना उत्तर पाठवले. त्यांच्या भाषेत नौकेच्या प्रमुखाला ‘नहोधा’ म्हणतात आणि आपल्याकडे ‘नाखवा’. दोन्ही शब्द एकाच फारसी शब्दातून आलेले आहेत, हे कळले त्या दिवशी मी हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला उभी राहून कितीतरी वेळ होड्यांकडेच पाहत होते.

‘ब्लॉग’ या शब्दाची कुळकथाही मला म्वालिमूंनीच सांगितली. जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये ‘वेबलॉग’ हा शब्द वापरला, त्यातला ‘लॉग’ म्हणजे जहाजाची नोंदवही. आणि त्या वहीला ते नाव पडले त्या लाकडाच्या ओंडक्यावरून, जो दोरीला बांधून पाण्यात टाकीत आणि जहाजाचा वेग मोजीत. ‘आपण चौघेही ओंडकाच टाकतो आहोत,’ असे त्यांनी लिहिले होते.

चौघे म्हटले, कारण तोवर फिनलंडमधल्या टाम्पेरे गावची एक मुलगीही आमच्यात आली होती. मुलगी म्हणते ती माझ्या वयाच्या मानाने; तिचे माहेर गुहागरचे, वय चाळिशीचे. ती तिथल्या जंगलाविषयी मराठीत लिहीत असे. फिनलंडमध्ये जमीन कोणाचीही असो, रानातली बोरेबेरी आणि अळंबी वेचण्याचा हक्क प्रत्येकाला असतो, आणि त्या हक्काच्या बळावर करवंदे-जांभळे वेचण्याची तिची लहानपणची सवय तिथे टिकून राहिली होती. माझे लेख पर्थ आणि मोंबासापर्यंत नीट पोहोचावेत म्हणून तिने ते इंग्रजीत करायला सुरुवात केली. एकेका शब्दासाठी ती मला अडवीत असे. ‘ताई, सडा म्हणजे काय लिहू? अंगणातला सडा की डोंगरावरचा? पठार लिहिले तर कातळ हरवतो, कातळ लिहिला तर माती हरवते.’ शेवटी ‘सडा’ हा शब्द तसाच ठेवायचा आणि त्याच्यावर एक स्वतंत्र लेख लिहायचा असे ठरले.

भाषांतर करणाऱ्याइतका कडक वाचक दुसरा नसतो, हे मी तिच्यामुळे जाणले. २०१५ मध्ये मी समुद्रावरच्या सूर्यास्ताचे एक वर्णन लिहिले होते. त्यात केशरी आकाश होते, सोनेरी लाटा होत्या, आणि मला ते फार आवडले होते. तिचे उत्तर आले: ‘ताई, हा सूर्यास्त कुठल्याही किनाऱ्यावरचा आहे. तुम्ही कुठे उभ्या होतात ते मला दिसत नाही. हे भाषांतर मी करू शकेन, पण करू नये असे मला वाटते.’ मला राग आला. आठ दिवस मी तिला काही कळवले नाही. नवव्या दिवशी मी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा जाऊन उभी राहिले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की माझ्यासमोर त्या संध्याकाळी ओहोटीच्या चिखलात पाच-सहा बायका वाकून तिसऱ्या म्हणजे शिंपल्या काढीत होत्या, त्यांतली एक माझी विद्यार्थिनी होती, तिने मला हाक मारली होती, आणि मी त्यांतले एक अक्षरही लिहिले नव्हते. तो लेख मी संपूर्ण नव्याने लिहिला. पाठ थोपटणारी माणसे मला इथेही होती. परंतु ‘हे तुमचे नाही’ असे सांगण्याइतकी माझ्या लिहिण्याची काळजी वाहणारे माणूस मला साठी ओलांडल्यावर आणि सहा हजार किलोमीटरांवर भेटले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही चौघे फोनवर बोलू लागलो. तेव्हा पर्थला साडेसात झालेले असतात आणि मोंबासाला अडीच. फिनलंडमध्ये उन्हाळ्यात अडीच, तर हिवाळ्यात दीड. या बोलण्याचा एकच नेम होता: प्रत्येकाने दुसऱ्याच्या ताज्या लेखाविषयी एक प्रश्न विचारायचा, आणि पुढच्या महिन्यात त्या प्रश्नाचे काय झाले ते सांगायचे. एकदा मी भरतीचा आपल्याकडचा हिशेब सांगितला, की तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्वालिमूंनी महिनाभर आपल्या किनाऱ्यावर तो ताडून पाहिला. तिथे ठरावीक तासांचा फरक पडतो, पण रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकण्याची चाल तीच, असे त्यांनी तक्त्यासह कळवले. माझ्या आजोबांचा तो हिशेब कोणी एवढ्या गांभीर्याने तपासून पाहील, असे मला कधी वाटले नव्हते.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढले. बाणकोटच्या खाडीपलीकडे श्रीवर्धन, अलीकडे आम्ही. मंडणगड आणि दापोली तालुक्यांच्या किनारपट्टीवर त्या दिवशी काय झाले, ते पाहिलेल्याला सांगायला नको. आमच्या आगरातल्या एकशे वीस पोफळींपैकी अकरा उभ्या राहिल्या. आजेसासऱ्यांनी लावलेले माड मुळांसकट आडवे झाले, निम्म्या घराची कौले गेली, विजेचे खांब वाकून रस्त्यावर आले. टाळेबंदीमुळे मुलांना मुंबईहून येता येईना. सव्वीस दिवस गावात वीज नव्हती.

नवव्या दिवशी शेजाऱ्यांच्या गाडीवर फोन थोडा भारित करून मी सड्यावर चढून गेले, तेव्हा रेंज मिळाली आणि साठलेले निरोप एकामागून एक येऊ लागले. म्वालिमूंनी रोज एक ओळ लिहिली होती. ‘आज चौथा दिवस. येथे कुसी वाहतो आहे.’ ‘आज पाचवा दिवस. कुसीचा जोर वाढला आहे.’ कुसी म्हणजे त्यांच्याकडचा आग्नेय वारा. विषुववृत्त ओलांडल्यावर तो वळतो आणि आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी होऊन येतो. त्यांच्या अंगणातून गेलेला वारा काही दिवसांनी माझ्याकडे पाऊस घेऊन पोहोचतो, हे आम्ही पूर्वी एकदा बोललो होतो. उत्तर मिळत नसतानाही त्यांनी माझ्यासाठी वाऱ्याची नोंदवही चालू ठेवली होती. त्या नऊ ओळी वाचून मी सड्यावर बसून रडले. वादळानंतर तोवर मी रडले नव्हते.

पर्थच्या मैत्रिणीने सांत्वन केले, परंतु तेवढ्यावर ती थांबली नाही. तिच्याकडे वणवे लागतात. बँक्सिया या तिथल्या झाडाच्या कित्येक जातींची बोंडे वर्षानुवर्षे मिटलेली राहतात आणि आगीच्या धगीने उघडतात. धुरातल्या ज्या द्रव्यामुळे तिथल्या अनेक वनस्पतींचे बी रुजते, ते २००४ मध्ये पर्थमधल्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी ओळखून काढले. हे सांगून तिने पुढे लिहिले होते: ‘याचा अर्थ सगळे भरून येते असा नाही. गेलेले मोठे झाड गेलेच. पण मुळे उपटली गेली तिथे खड्डा पडला असेल. त्या खड्ड्यात काय आहे ते मला सांगशील का? घाई नाही.’

जूनच्या अखेरीस मी वही घेऊन आगरात उतरले. पोफळींच्या सावलीला कधी न दिसणारे ऊन थेट जमिनीवर पडले होते. खड्ड्यांत पावसाचे पाणी होते, कडेने टाकळा आणि कुर्डू उठला होता, आणि आडव्या झाडांच्या आसपास, मातीत दबलेल्या पिकल्या सुपाऱ्यांना कोंब फुटू लागले होते. पुढचे काही आठवडे मी रोज मोजणी केली. त्रेचाळीस रोपे हाती लागली. मी तेवढेच लिहिले: खड्डा क्रमांक, तारीख, काय उगवले. टाम्पेरेच्या मुलीने ते एका रात्रीत इंग्रजीत केले, आणि गावात ज्यांनी ते वाचले त्यांतल्या दोन घरांनी आपापल्या आगरातली अशी रोपे तण समजून उपटायच्या आधी वेचून ठेवली. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षे लागतात. त्या वर्षी माझे वय सदुसष्ट होते, आणि तरीही मी ती त्रेचाळीस रोपे लावली.

पुढच्या वर्षी टाम्पेरेच्या मुलीची आई गुहागरला वारली. मे २०२१ चे दिवस. प्रवासावरच्या निर्बंधांमुळे तिला येता आले नाही. त्यानंतर तिने लिहिणे थांबवले. रविवारी ती फोनवर येई, सगळ्यांचे ऐकून घेई, भाषांतरेही करी, पण स्वतःचे काही नाही. सहा महिने आम्ही तिला लिहिण्याविषयी एक शब्दही विचारला नाही. उत्तेजन देणे म्हणजे सतत पाठीशी लागणे नव्हे, हे आम्हा तिघांना न बोलता कळत होते, आणि त्या मौनाबद्दल मला म्वालिमूंचा विशेष आदर वाटतो, कारण त्यांना गप्प राहणे स्वभावतःच जड जाते.

नोव्हेंबरात ती मला एकटीला म्हणाली, ‘ताई, आमच्या तुळशीला पाणी कोण घालत असेल?’

तिसऱ्या दिवशी मी सकाळच्या एस्टीने दाभोळला गेले आणि फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरले. तिथून गुहागर. घर तिने सांगितलेल्या खुणांवरून सापडले. दाराला कुलूप होते, पाणंदीवर पावसाळ्यातले गवत वाळून आडवे झाले होते, विहिरीच्या काठी बिंबल्याचे झाड होते. तुळशीवृंदावन मात्र नुकतेच शेणाने सारवलेले होते, समोर रांगोळी होती, आणि कुंडात ऊस उभा करून चिंचा-आवळे घातलेले होते. तुळशीचे लग्न होऊन दोनच दिवस झाले होते. शेजारच्या काकू बाहेर आल्या. ‘तिची आई माझ्या पोरांना न्हाऊमाखू घालायची, तिची तुळस मी सुकू देईन होय?’ एवढेच त्या बोलल्या आणि मला चहाला आत घेऊन गेल्या.

परतीच्या बोटीवर मी पत्र लिहायला घेतले. त्यात मी माझे काही घातले नाही. कुलूप कोणत्या रंगाचे आहे, विहिरीत पाणी किती आहे, बिंबली लागली आहेत की नाही, पडवीतल्या खुंटीला पावसात डोक्यावर घ्यायचे इरले अजून टांगलेले आहे, आणि काकू काय म्हणाल्या, हे सगळे क्रमाने लिहिले. सूर्यास्ताच्या लेखाच्या वेळी तिनेच मला शिकवल्याप्रमाणे, मी कुठे उभी होते ते तिला दिसेल एवढीच काळजी घेतली.

तिचे उत्तर बावीस दिवसांनी आले. ते पत्र नव्हते. तिच्या आईच्या इरल्यावरचा लेख होता, आणि तो तिने आधी माझ्याकडे वाचायला पाठवला होता. मी तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या. एका जागी ती घाईने पुढे गेली होती. तिथे मी विचारले की, इरले विणणारा माणूस कोणत्या गावाहून येत असे.

म्वालिमूंच्या डोळ्यांचे दुखणे आता वाढले आहे आणि त्यांना लिहिणे जमत नाही. ते बोलून ध्वनिमुद्रण पाठवतात. पर्थची मैत्रीण ते ऐकून लिहून काढते, टाम्पेरेची मुलगी त्याचे मराठी करते, आणि मी ते इथे होड्या बांधणाऱ्या सुताराला वाचून दाखवते, म्हणजे त्याच्या शंका पुन्हा मोंबासाला पाठवता येतात. गेल्या महिन्यात त्याने विचारले आहे की, शिवलेल्या होडीची शिवण किती वर्षांनी उसवून नव्याने घालावी लागे. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

माझ्याकडेही एक प्रश्न बाकी आहे. वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकी तीन झाडांना यंदा पहिली पोय म्हणजे फुलोरा आला, हे मी कळवले, तेव्हा पर्थहून विचारणा झाली की, खाली आगरात हे घडले, तर वर सड्यावर आता काय उगवले आहे? परवा रविवार आहे. पाऊस थोडा उघडला की उद्या सकाळी वही घेऊन मी वर जाईन. पाखाडी शेवाळली आहे, म्हणून काठी घ्यावी लागेल.